हप्ता फिटल्यानंतरची पिकअप

शेतकऱ्याच्या पोराने नोकरीची वाट पाहणे सोडून धंद्यात उतरायचे ठरवले की गावात तीनच गोष्टींची चर्चा होते: दुकान, दुधाची जनावरे, नाहीतर पिकअप. तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यांत लवकर एकमत होते. गाडी डोळ्यांसमोर उभी असते, कर्ज लगेच मिळते आणि शेजारच्या गावात कुणीतरी पिकअपवर घर बांधलेले असते. ज्याची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, तोही त्याच पंचक्रोशीत राहत असतो. त्याचे उदाहरण मात्र चर्चेत उशिरा निघते.

पिकअप ठेवणे दीर्घकाळ परवडते का, हा प्रश्न बाजार समितीच्या आवारात, गॅरेजमध्ये आणि बँकेच्या कर्ज विभागात रोज निघतो. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे मिळते, कारण प्रत्येक जण वेगळ्या खर्चाकडे पाहत असतो. शोरूम हप्ता सांगते, चालक ॲव्हरेज सांगतो, मेकॅनिक पाटे आणि क्लच प्लेट दाखवतो. या सगळ्यांची एकत्र बेरीज क्वचितच मांडली जाते.

मॅटाडोर ते छोटा हत्ती

छोट्या मालवाहू गाडीचा महाराष्ट्रातला इतिहास बजाज टेम्पोपासून सुरू होतो. फिरोदियांच्या या कंपनीने आधी तीन चाकी गाड्या आणल्या, मग मॅटाडोर. १९७० आणि ८० च्या दशकांत भाजीपाला, दूध, लग्नाचे सामान आणि नाटक कंपन्यांचे नेपथ्यही याच गाड्यांतून फिरले. त्या वेळी गाडी असणे ही व्यापाऱ्याची गोष्ट होती. लहान शेतकरी बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा एसटीच्या टपावर भागवत असे.

२००५ च्या मे महिन्यात टाटा मोटर्सने एस बाजारात आणली आणि चित्र पालटले. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टन माल आणि सुमारे सव्वादोन लाख रुपये किंमत. तीन चाकी टेम्पोवाल्याला चौथे चाक परवडेल असा तो बेत होता. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि तेच नाव टिकले. पुढच्या बारा वर्षांत अशा वीस लाख गाड्या विकल्या गेल्या. त्याच काळात महामार्ग रुंद झाले, मोठ्या ट्रकना दिवसा शहरात येण्यावर निर्बंध आले आणि गोदामापासून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा छोट्या गाड्यांकडे गेला.

एक टन आणि त्यावरच्या मालासाठी मात्र ग्रामीण महाराष्ट्राने महिंद्राची बोलेरो पिकअप पसंत केली. कच्च्या रस्त्यावर टिकणारी, तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजमध्ये उघडता येणारी गाडी अशी तिची ख्याती झाली. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१९ मध्ये टाटाची इंट्रा आली. आज ‘पिकअप’ म्हटले की गावात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर यांपैकीच एखादी पांढरी, मागे लोखंडी हौदा असलेली, पिवळ्या पाटीची गाडी उभी राहते.

कायद्यानेही या आकाराला अनुकूल जागा दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार तीन हजार किलोंपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. म्हणूनच अनेक पिकअपचे एकूण वजन या मर्यादेच्या जरासे आत बेतलेले दिसते. परवान्याचा प्रश्नही सुटला आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला. धंद्यात शिरण्याचा दरवाजा असा रुंद झाला.

दहा लाखांची गाडी, छप्पन्न लाखांचा खर्च

वादात शिरण्याआधी एक नमुन्याचा हिशेब मांडणे बरे. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत. आपापल्या गाडीप्रमाणे ते प्रत्येकाला बदलता येतील.

दीड टन माल नेणारी डिझेल पिकअप रस्त्यावर यायला दहा लाख रुपये लागले असे धरू. साडेआठ लाख कर्ज, पाच वर्षांची मुदत, घटत्या शिलकीवर ११ टक्के व्याज. हप्ता सुमारे साडेअठरा हजार येतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी दोन लाख साठ हजार जातात. गाडी वर्षाला ४० हजार किलोमीटर धावते, म्हणजे रोजचे सव्वाशे-दीडशे. लिटरला १२ किलोमीटर ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरले तर वर्षाला तीन लाखांचे डिझेल. आठ वर्षांत २४ लाख.

विम्याचे वर्षाला ३५ हजार धरले तर आठ वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार होतात. टायरचा जोड ४५ हजार किलोमीटर टिकला तर पहिला जोड सोडून सहा जोड लागतात, त्यांचे एक लाख सत्तर हजार. देखभालीला किलोमीटरमागे एक रुपया, म्हणजे तीन लाख वीस हजार. आठव्या वर्षी गाडी तीन लाखांना गेली असे धरले तर एकूण खर्च सव्वाएकेचाळीस लाखांच्या आसपास थांबतो. किलोमीटरला तेरा रुपयांना थोडे कमी.

यात चालकाचा पगार नाही. महिना १५ हजार धरला तरी आठ वर्षांत चौदा लाख चाळीस हजार होतात. एकूण आकडा जवळपास छप्पन्न लाखांवर आणि किलोमीटरचा खर्च साडेसतरा रुपयांच्या घरात जातो. गाडीची किंमत या सगळ्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, पण घासाघीस सगळी तिच्यावरच होते.

आता फक्त एक आकडा बदलू. गाडी वर्षाला ४० ऐवजी १५ हजार किलोमीटर धावली तर? डिझेल, टायर आणि देखभाल किलोमीटरमागे तेवढीच राहते, साधारण नऊ रुपये. पण किंमत, व्याज आणि विमा यांचा जो भार आधी किलोमीटरला चार रुपयांहून कमी होता, तो दहा रुपयांच्या पुढे जातो. चालकाशिवायचा खर्च १९ रुपयांवर येतो आणि महिन्याच्या पगारावर चालक ठेवला तर ३१ रुपयांवर. गाडी तीच, रस्ता तोच, मालकही तोच.

या सगळ्या वादाचे मर्म इथे आहे. पिकअप परवडते की नाही हे तिच्या किमतीवर किंवा कंपनीवर जेवढे ठरते, त्याहून कितीतरी अधिक ती वर्षाला भरलेली किती धावते यावर ठरते. ‘भरलेली’ हा शब्द महत्त्वाचा, कारण परतीचे भाडे मिळाले नाही तर भरलेल्या प्रत्येक किलोमीटरवर रिकाम्या किलोमीटरचाही खर्च चढतो. पुण्याला भाजी टाकून येताना खताची पोती, सिमेंट किंवा किराणा मिळवणारा मालक आणि हौदा रिकामा घेऊन परतणारा मालक एकाच गाडीचे दोन वेगळे धंदे करत असतात.

ॲव्हरेजचा पगडा मात्र अगदीच अनाठायी नाही. बाराचे अकरा झाले तर या हिशेबात वर्षाला २७ हजार रुपये जादा जातात. एअर फिल्टर वेळेवर बदलणे आणि टायरमध्ये पुरेशी हवा ठेवणे या गोष्टी म्हणूनच क्षुल्लक नाहीत.

कर्जाचा खरा दर

पिकअपचे कर्ज बँका देतात, पण तालुक्याच्या ठिकाणी बिगरबँक वित्त कंपन्यांचा माणूस शोरूममध्येच बसलेला असतो. कागदपत्रे कमी, मंजुरी लवकर. मुद्रा योजनेतही मालवाहू गाडी घेता येते आणि अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेतून मराठा समाजातल्या अनेक तरुणांनी गाड्या घेतल्या आहेत.

गल्लत होते ती दर सांगण्याच्या पद्धतीत. ‘सात टक्के फ्लॅट’ ऐकायला स्वस्त वाटते. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागते, मुद्दल फिटत गेले तरी. साडेआठ लाखांवर पाच वर्षे सात टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता १९ हजार १२५ रुपये. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेबारा टक्क्यांच्या जवळ जातो. बँकेचा ११ टक्क्यांचा दर महाग समजून सात टक्के फ्लॅट घेणारा माणूस प्रत्यक्षात जास्त भरतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या कर्जांसाठी वार्षिक खर्चाचा खरा दर दाखवणारे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक केले आहे. तो कागद मागून वाचला तर ही फसगत टळते.

दुसरी अडचण वेळेची. हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेला जातो, शेतमालाचे पैसे हंगामाला येतात. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. तेव्हा वाहतुकीचा खर्च कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. काही आठवड्यांतच भाव कोसळले, हप्ता मात्र तेवढाच राहिला.

स्वतःची बरी की भाड्याची?

स्वतःची गाडी हवी असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. माल नाशवंत असतो. तोडणी झाल्यावर गाडी दोन तास उशिरा आली तर बाजारातला पहिला लिलाव हुकतो आणि भाव पडतो. ऐन हंगामात भाड्याची गाडी मिळतच नाही, मिळाली तर वाटेल तो दर सांगते. नारायणगावला भाव पडलेला दिसला तर पुण्याच्या गुलटेकडीला किंवा वाशीला जायचे, हा निर्णय आयत्या वेळी घेता येतो तो गाडी स्वतःची असल्यावर. शिवाय घरच्या गाडीने खत येते, जनावर दवाखान्यात जाते, अडचणीला शेजाऱ्याचे काम होते. या उपयोगांना भाव लावता येत नाही, म्हणून ते हिशेबातून वगळणेही योग्य नाही.

भाड्याच्या बाजूने बोलणारे वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात. भाड्याच्या गाडीने माल गेला की अडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाईच्या शेजारी मोटारभाड्याचा आकडा येतो. तो डोळ्यांना टोचतो. स्वतःच्या गाडीने माल गेला की तो रकाना रिकामा राहतो आणि वाहतूक फुकट झाली असे वाटते. खर्च झालेला असतोच. तो पेट्रोलपंपावर, टायरच्या दुकानात आणि विम्याच्या कार्यालयात विखुरलेला असतो. दोन-तीन एकर भाजीपाल्याचा शेतकरी वर्षाला फार तर साठ-सत्तर फेऱ्या करतो. एवढ्यासाठी दहा लाख अडकवण्यापेक्षा पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून गाडी ठरवावी, असे या मंडळींचे म्हणणे आहे. निव्वळ आकड्यांत त्यांचे पारडे जड आहे. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या खाली राहणाऱ्या शेतकऱ्याने फक्त स्वतःच्या मालासाठी नवी पिकअप घेणे पैशांच्या हिशेबात बसत नाही.

बहुतेक मालकांनी मधला मार्ग धरलेला दिसतो: स्वतःचा माल आणि उरलेल्या दिवशी भाडे. इथे शेतकरी वाहतूकदार होतो आणि त्याची स्पर्धा पूर्णवेळ वाहतूकदारांशी सुरू होते. आपल्या श्रमाची किंमत न धरता, डिझेलवर चार पैसे सुटले की भाडे मारणारे हौशी मालक दर पाडतात, ही पूर्णवेळ वाहतूकदारांची जुनी तक्रार आहे. ती खोटी नाही. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसतो तेव्हा वरच्या हिशेबातले चौदा लाख खर्चात दिसत नाहीत, पण ते त्याच्या आयुष्याची आठ वर्षे असतात. आयकर कायद्याच्या कलम ४४एईने छोट्या मालवाहू गाडीमागे महिन्याला साडेसात हजार उत्पन्न गृहीत धरले होते. गाडी चालवून महिनाअखेर हाती तेवढेच उरत असेल तर मालकाला चालकाच्या पगाराइतकेही सुटत नाही.

शहरातला प्रश्न आणखी निराळा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपुरात पोर्टरसारख्या ॲपवर गाडी लावता येते. काम शोधत नाक्यावर उभे राहावे लागत नाही, रिकाम्या फेऱ्या कमी होतात, हा फायदा खरा. पण भाडे ठरवण्याचा अधिकार मालकाकडे राहत नाही आणि कमिशन कापले जाते. रोज किती किलोमीटर भरलेले मिळाले याची नोंद ॲपवर आपोआप होते, ही त्यातली एक उपयोगी बाब. गावातल्या मालकाला तीच नोंद वहीत करावी लागते.

जास्तीचा माल

ओव्हरलोड हा या धंद्याचा सर्वांना ठाऊक असलेला आणि हिशेबात कुणीच न मांडलेला भाग. दीड टनाच्या गाडीत वीस किलोंच्या पंचाहत्तर क्रेट बसायला हव्यात. हंगामात हौद्याच्या फळ्यांवर आणखी चार थर चढवून, दोरांनी आवळून शंभरावर क्रेट नेणाऱ्या गाड्या पुणे-नाशिक रस्त्यावर सहज दिसतात.

मोह का होतो ते समजण्यासारखे आहे. नारायणगावहून गुलटेकडी आणि परत साधारण १६० किलोमीटर. चालकासह साडेसतरा रुपयांनी फेरीचा खर्च टोल सोडून २८०० रुपये. पंचाहत्तर क्रेटवर तो क्रेटमागे ३७ रुपये पडतो, शंभरवर २८. जादा पंचवीस क्रेटसाठी वेगळी गाडी केली असती तर नऊशे-सव्वानऊशे रुपये लागले असते, ते वाचले.

दुसऱ्या बाजूला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा मालाचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एकदा पकडले गेले की एकवीस-बावीस फेऱ्यांची बचत संपते. त्याहून मोठा खर्च गॅरेजमध्ये दिसतो. मागच्या चाकांवरचे पाटे आधी सपाट होतात, मग एखादे पान तडकते. क्लच प्लेट निम्म्या आयुष्यात जळते, मागच्या टायरच्या कडा फुगतात, ब्रेकचे लायनर घाटात तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. माळशेज किंवा कसाऱ्याच्या उतारावर असा ब्रेक धरला नाही तर मग प्रश्न पैशांचा राहत नाही.

वाहतूकदार यावर उलट प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. भाडे क्रेटवर ठरते आणि दर इतके पडलेले असतात की नियमात माल भरला तर हप्ता सुटत नाही. मग दोष एकट्या गाडीमालकाचा कसा? जादा माल भरायला लावणारा व्यापारी किंवा मालाचा मालक दंडातून सुटतो आणि पावती गाडीच्या नंबरवर फाटते, हेही तितकेच खरे.

मालाबरोबर माणसे नेण्याचा धोका तर याहून गंभीर. लग्नाचे वऱ्हाड, मजूर, जत्रेला निघालेली मंडळी पिकअपच्या हौद्यात सर्रास बसतात. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच स्पष्ट केले. कायद्याचे विमासंरक्षण आहे ते मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. हौद्यातल्या वऱ्हाडाचा अपघात झाला तर लाखोंची भरपाई गाडीमालकाच्या शेतजमिनीवर येऊ शकते. ओळखीपाळखीत नाही म्हणता येत नाही, हे मान्य करूनही ही गोष्ट प्रत्येक मालकाला स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

डिझेल, सीएनजी की वीज

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल गाडीचे जुने गणित ढवळून निघाले. पूर्वीची पिकअप पान्हा आणि ग्रीसवर चालायची. आता धूर गाळणारा फिल्टर, सेन्सर, काही मॉडेलांत युरियाची वेगळी टाकी आली. फिल्टरमधली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गावातल्या गावात, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत काजळी साठते, समोर दिवा लागतो, इंजिनाची ताकद कमी होते आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्या मेकॅनिकची गरज पडते. प्रदूषण कमी झाले हा लाभ सर्वांचा, दुरुस्तीचा भार मालकाचा. जुन्या गाडीची मागणी टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

सीएनजीचे समर्थक किलोमीटरमागच्या कमी खर्चाकडे बोट दाखवतात. शहरात आणि महामार्गालगत ते पटते. पण टाक्यांचे वजन मालाच्या वजनातून जाते, दर तीन वर्षांनी टाकीची दाब चाचणी करावी लागते आणि पंपावरच्या रांगेत जाणारा तास-दीड तास हाही खर्चच आहे. पंप तीस किलोमीटरवर असलेल्या गावात सीएनजीचा फायदा रस्त्यातच संपतो.

विजेच्या गाडीबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाची मते ऐकू येतात. टाटाने एस ईव्ही २०२२ मध्ये दाखवली आणि जानेवारी २०२३ पासून ग्राहकांना देणे सुरू केले. पहिल्या मॉडेलची बॅटरी २१.३ युनिटची, माल ६०० किलो, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. प्रत्यक्षात शंभर किलोमीटर मिळाले आणि वीज नऊ रुपये युनिट पडली तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत भागते. विमाही थोडा हलका: २०२२ च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता १६,०४९ रुपये होता, विजेच्या गाडीचा १३,६४२. शहरातल्या ठरलेल्या मार्गावर, रोज संध्याकाळी गोदामात परतणाऱ्या गाडीसाठी हे गणित जुळते.

दीड टन टोमॅटो घेऊन घाट चढणाऱ्या गाडीसाठी ते अजून जुळत नाही. किंमत जास्त, माल कमी, रस्त्यात चार्जिंग तुरळक. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकना अनुदान आहे, पण ते साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. ज्या आकाराची गाडी सर्वसामान्य मालक घेतो, तीच यातून सुटली आहे.

नवी, जुनी आणि कर

पाच-सहा वर्षांची पिकअप साडेतीन-चार लाखांत घ्यायची आणि दुरुस्तीला एक लाख बाजूला ठेवायचे, हा सल्ला अनुभवी मालक देतात. कमी धावणाऱ्यांसाठी तो बहुतेक वेळा योग्य ठरतो, कारण त्यांच्या खर्चात घसाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्याच्या आड येतात ते कागद. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी आरटीओचे पासिंग करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर येतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे पासिंग शुल्क अनेक पटींनी वाढले आहे. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही चढे असते.

नव्या गाडीच्या किमतीवर अलीकडे दोन निर्णयांचा परिणाम झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी साडेसात लाखांच्या गाडीवर हे ७५ हजार रुपये वाचतात. त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पाने मात्र साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना सात टक्के एकरकमी कर लावला. पूर्वीचा वजनावर आधारलेला कर याहून बराच कमी पडत असे. केंद्राने दिलेल्या सवलतीतला मोठा भाग त्यात गेला. टोलमध्येही पिकअपवाल्याला खासगी मोटारीची वागणूक मिळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीला ३२० आणि टेम्पोला ४९५ रुपये लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पासही फक्त खासगी मोटार-जीपला आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न आठ-दहा वर्षांनंतरच्या किमतीचा. वरच्या हिशेबात तीन लाख धरले, पण मुंबई महानगर प्रदेशातून डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हद्दपार करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. दिल्लीसारखी दहा वर्षांची मर्यादा इथे आली तर आजच्या डिझेल पिकअपची विक्री किंमत खाली येईल. ग्रामीण भागात ती टिकेल असे काही जण मानतात, पण वाशीला माल न नेता येणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक किती, हा प्रश्न उरतोच.

दुसरा, बॅटरीचा. हमीची मुदत संपल्यावर बॅटरी किती तग धरते आणि जुन्या विजेच्या गाडीला बाजार काय भाव देतो, हे ठरायला रस्त्यावर पुरेशी वर्षे गेलेली नाहीत. त्यामुळे दोन रुपये किलोमीटरचा आकडा आकर्षक असला तरी तो पूर्ण आयुष्याचा खर्च म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: भाड्याचा दर कशावर ठरावा? रिक्षा-टॅक्सीचे भाडे ठरवताना गाडीची किंमत, इंधन आणि देखभाल यांचा विचार होतो. पिकअपचे भाडे नाक्यावरच्या गर्दीवर ठरते. सरकारने किमान दर बांधावा ही वाहतूकदारांची मागणी शेतकऱ्यालाच महाग पडेल, कारण तो खर्च शेवटी त्याच्याच पट्टीत उतरेल. दर मोकळे सोडले तर ओव्हरलोड थांबत नाही. गटशेती आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सामायिक गाड्या ठेवणे हा यातला सर्वांत आश्वासक मार्ग दिसतो, कारण त्यात गाडी वर्षभर भरलेली धावू शकते. मात्र ऐन हंगामात पहिली फेरी कुणाची, यावरून सामायिक गाड्यांचे गट मोडतात.

पिकअप घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला एक विनंती. बयाणा देण्याआधी मागच्या बारा महिन्यांच्या मालाच्या पट्ट्या काढाव्यात, किती फेऱ्या झाल्या, किती किलोमीटर झाले आणि मोटारभाडे किती गेले याची बेरीज करावी. किलोमीटर पंधरा हजारांच्या आत येत असतील तर आधी भाड्याची गाडी वर्षभरासाठी ठरवून पाहावी, किंवा जुनी घ्यावी. तीस-चाळीस हजारांची कामे, परतीच्या भाड्यासह, हातात पक्की असतील तर नवी गाडी जरूर घ्यावी. कर्जाचे माहितीपत्रक मात्र सही करण्याआधी घरी आणून वाचावे.